कॅननची आरएफ १०-२० लेन्स घ्यावी की १४-३५ वर थांबावं? आतल्या बांधकामाचे फोटो काढणाऱ्यांनी सांगा

चौकटवेडा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम (३६ × २४ एमएम सेन्सरचा), आरएफ माउंटचा कॅननचा कॅमेरा आहे आणि त्याच्यावर २४-१०५ एफ/४ लेन्स कायम लावलेली असते (पहिले आकडे फोकल लेंथ एमएममध्ये, जितका लहान तितकं रुंद दिसतं; एफचा आकडा छिद्राचा, जितका लहान तितका प्रकाश जास्त). सगळ्यात जास्त जीव रमतो तो जुन्या इमारतींच्या आत, जिने, घुमट, लाकडी छतं, त्याखालोखाल डोंगर आणि समुद्र, आणि अमावास्येच्या आसपास जमलं तर आकाशगंगा. आत गेलं की २४ कमी पडते. पाठ भिंतीला टेकते, टाचा भिंतीला लागतात, तरी जिन्याची खालची पायरी काही चौकटीत येत नाही.

आरएफ १०-२० एफ/४ एल आयएस एसटीएम २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाली तेव्हापासून तिच्यावर डोळा आहे. १० ला कर्णाचा कोन १३० अंश, आणि फिशआय नाही, सरळ रेषा सरळच ठेवणारी. वजन ५७० ग्रॅम फक्त. आधीची ईएफ (कॅननच्या जुन्या, आरशाच्या कॅमेऱ्यांची) ११-२४ एफ/४ मी एकदा एका मित्राची हातात घेतली होती, ती ११८० ग्रॅम, कॅमेऱ्याचं तोंड सारखं खाली झुकायचं. आता दुसरीकडे आरएफ १४-३५ एफ/४ आहे, ५४० ग्रॅम, पुढे साधा ७७ चा फिल्टर बसतो, ३५ पर्यंत जाते म्हणजे दिवसभर ती एकटी पुरेल. आणि १५-३५ एफ/२.८ पण आहेच, ८४० ग्रॅमची, ताऱ्यांसाठी बरी असं म्हणतात. मला एकच घ्यायचीये आणि चार-पाच वर्षं तीच वापरायचीये. १४ आणि १० मध्ये प्रत्यक्षात किती फरक पडतो, हे ज्यांनी वापरलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

काटकोन:

मी आतल्या बांधकामाचेच फोटो काढतो, त्यामुळे माझं मत तिकडे झुकलेलं आहे हे आधीच सांगतो. फरक खूप पडतो. आडव्या चौकटीत रुंदीचा कोन बघ, २४ ला साधारण ७४ अंश, १६ ला ९७, १४ ला १०४ आणि १० ला थेट १२२. लांबच्या लेन्सवर चार एमएम कुणाला कळतही नाहीत, इथे त्याच चार एमएमला १८ अंश मिळतात. २४ वरून १६ वर आलास की खोली मोठी दिसते, १० वर आलास की तू खोलीच्या मध्यभागी उभा असल्यासारखं वाटतं आणि दोन्ही बाजूच्या भिंती एकदम दिसतात.

पण हे अंश फुकट मिळत नाहीत. सरळ रेषा सरळ ठेवायच्या म्हटलं की कडेच्या गोष्टी ताणाव्याच लागतात, हे भूमितीचंच आहे, कितीही भारी लेन्स घेतलीस तरी सुटका नाही. एक चेंडू घे आणि चौकटीच्या मधोमध ठेव, गोल दिसेल. तोच उजव्या कडेला सरकव. २४ ला तो रुंदीत सव्वापट होतो, १६ ला दीडपट, १४ ला साधारण १.६ पट आणि १० ला दुप्पट. दुप्पट म्हणजे चेंडू राहतच नाही, अंडं पण नाही, आडवी काकडी होते. कडेला गोल खांब, हंडी, घड्याळ, झुंबर असलं काही आलं की बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते. मी १० ला चौकट लावताना आधी चारी कडा बघतो आणि मग मध्य बघतो, कडेला सपाट भिंत किंवा जमीन असली तर ताण कळतच नाही.

सावली:

काटकोन यांना +१, आणि त्यात माणसं घालते. मी समारंभ करते. रुंद लेन्स घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात वीसेक जणांचा ग्रुप १६ ला काढला, जागा नव्हती म्हणून. मधली माणसं छान, पण कडेच्या दोन काकूंची डोकी कानापासून कानापर्यंत ताणलेली आणि दंड दुप्पट. त्यांनी फोटो बघितल्यावर काही बोलल्या नाहीत, नुसता मोबाइल परत दिला, आणि मला फार वाईट वाटलं. चूक लेन्सची नव्हती, मी कुणाला कुठे उभं केलं त्याची होती. तेव्हापासून माणसं असली की २४ च्या खाली उतरत नाही, आणि उतरलेच तर माणूस मध्यावर आणि कडेला फक्त भिंत. चौकटवेडा, तुमच्या फोटोत माणसं असतात का? असतील तर १०-२० डोळे मिटून घेऊ नका, तिथे सगळ्यात लांबचं टोकच २० आहे.

चौकटवेडा:

सावलीताई, माणसं क्वचित. कधीतरी जिन्यात प्रमाण दाखवायला एखादी व्यक्ती उभी करतो, ती पण लांब. त्यामुळे तिकडे अडचण नाही.

पायवाट:

डोंगराकडून बोलतो. मी १४-३० एफ/४ वापरतो, दुसऱ्या कंपनीची, निकॉन झेडची, पण मुद्दा तोच. २०१९ मध्ये ती घेतली ती एकाच कारणासाठी, १४ पासून सुरू होऊनही पुढे स्क्रूचा ८२ चा फिल्टर बसतो. त्याआधी माझ्याकडे फुगीर काचेची १४-२४ होती, २००७ ची, काच अशी की तिच्यात अख्खं आभाळ दिसायचं, पण फिल्टर लावायचा तर १५० एमएमच्या चौकोनी काचा आणि जेवणाच्या ताटाएवढा होल्डर. थंडीत बोटं बधिर झालेली असताना ते पाण्याच्या काठावर जोडायचं म्हणजे अर्धा सूर्योदय त्यातच जायचा. १०-२० ला पुढे काहीच बसत नाही, मागे पातळ जेल फिल्टरचा तुकडा कापून सरकवायचा असतो. म्हणजे फिल्टर बदलायचा तर लेन्स काढायची, वाऱ्यात, वाळूत, सेन्सर उघडा टाकून. जो धबधबे आणि लाटा काढतो त्याने याचा नीट विचार करावा.

पोलरायझरचं (चकाकी कापणाऱ्या फिल्टरचं) मात्र फार दुःख करू नकोस. सूर्यापासून ९० अंशावरचं आकाश सगळ्यात जास्त गडद होतं आणि बाकीचं कमी, त्यामुळे १०४ अंशांच्या चौकटीत आकाशाच्या मधोमध काळा-निळा पट्टा उमटतो. तो नंतर काढता काढता जीव जातो. पाण्यावरची चकाकी किंवा ओल्या पानांची चमक मारायला उपयोग आहे, निळ्या आभाळासाठी नाही.

भिंगवाला:

पायवाट यांच्या फिल्टरच्या मुद्द्यात एक भर. कॅननचं ईएफ ते आरएफ अडॅप्टर आहे ना, त्याचा ड्रॉप-इन फिल्टरवाला प्रकार मिळतो. त्यात व्हेरिएबल एनडी (प्रकाश हवा तितका अडवणारा गडद फिल्टर) किंवा पोलरायझर अडॅप्टरच्या पोटात बसतो, बाहेर चाक असतं ते फिरवायचं. म्हणजे जुनी ईएफ ११-२४, जिला पुढे काही लावता येत नव्हतं, ती आरएफ बॉडीवर आली की खरी फिल्टरवाली लेन्स होते. नव्या १०-२० ला ही सोय नाही कारण ती थेट माउंटवर बसते, मध्ये जागाच नाही. वजन निम्मं झालं पण हे गेलं. ज्याला ११८० ग्रॅम उचलायची तयारी आहे त्याने ११-२४ चा पर्याय लगेच फेटाळू नये.

आणि ही रुंदी काही काल आलेली नाही बरं का. सिग्माची १२-२४ २००३ मध्ये आली होती, फुलफ्रेमवर १२ एमएम, १२२ अंश कर्णात, आणि झूम. कोपरे मऊ होते, पण तेव्हा तशी दुसरी नव्हतीच. मी तिच्यावर फिल्म चालवलीये. आज १०-२० चे कोपरे बघतो तेव्हा वीस वर्षांत काय झालंय ते कळतं.

एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म-सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा सोडावी लागायची, त्यामुळे रुंद लेन्सला मागचं भिंग लांब ठेवावं लागायचं आणि त्यापायी पुढची काच अवाढव्य व्हायची. मिररलेसमध्ये आरसा गेला, मागचं भिंग सेन्सरजवळ आलं, पुढची काच आटली. म्हणून ११८० चं ५७० झालं.

निशाचर:

ताऱ्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

एफ/४ आणि एफ/२.८ मध्ये एका स्टॉपचा (म्हणजे दुप्पट प्रकाशाचा) फरक एवढंच सगळे बघतात. तारा हा बिंदू आहे, त्याचा प्रकाश किती गोळा होतो ते लेन्सच्या भोकाच्या खऱ्या आकारावर ठरतं. फोकल लेंथला एफ आकड्याने भाग. १० एफ/४ म्हणजे २.५ एमएम. १४ एफ/२.८ म्हणजे ५ एमएम. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, म्हणजे एकाच वेळेत ताऱ्याचा चौपट प्रकाश. २४ एफ/१.४ ची साधी प्राइम (झूम नसलेली लेन्स) घेतलीस तर भोक १७ एमएमचं. आता कळलं का रुंद झूमवर आकाश नुसतं पिठूर दिसतं आणि प्राइमवर तारे टचटचीत का दिसतात.

लोक म्हणतात की रुंद आहे म्हणून शटर जास्त वेळ उघडा ठेवता येतो, ५०० भागिले फोकल लेंथ, म्हणजे १० ला ५० सेकंद. मी पण हेच मानायचो. एका रात्री तसंच केलं, मध्यावर तारे ठीक, कोपऱ्यात तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. आधी वाटलं लेन्सचा कोमा (कोपऱ्यातले तारे ओढल्यासारखे दाखवणारा दोष) आहे, मग लक्षात आलं की काटकोन यांनी चेंडूचं सांगितलं तेच इथे होतं, कोपऱ्यात ताण सगळ्यात जास्त असतो. १० च्या अगदी टोकाच्या कोपऱ्यात मध्याच्या तुलनेत बाहेरच्या दिशेने साडेपाच पटीहून जास्त ताण येतो, १५ ला तीन पट. तारा तेवढाच सरकला तरी कोपऱ्यात त्याची रेघ तेवढी लांब. म्हणून आता मी ५०० ऐवजी ३०० धरतो, १५ ला २० सेकंद, १० ला ३०, त्यापुढे जात नाही.

वर कोपऱ्यांचा अंधार. इतक्या रुंद लेन्सचे कोपरे काळवंडतातच, सॉफ्टवेअर ते उजळतं. तीन स्टॉप उजळले म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० ला काढलेल्या फोटोचा कोपरा ६४०० सारखा खरखरीत होतो. दिवसा आयएसओ १०० ला कळत नाही, रात्री लगेच कळतं. तारे ही तुझी तिसरी आवड आहे असं तूच लिहिलंयस, तर त्यांच्यापायी १५-३५ ची ८४० ग्रॅमं रोज वागवू नकोस. पुढेमागे एखादी एफ/१.८ ची रुंद प्राइम बघ.

चौकटवेडा:

निशाचर, भोकाचा हिशोब मी कधी केलाच नव्हता, धन्यवाद. म्हणजे १५-३५ बाद. आता १०-२० की १४-३५. अजून एक विचारायचं होतं, १४-३५ बद्दल सगळीकडे वाचतोय की १४ ला रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाइल) सॉफ्टवेअरची सुधारणा बंद करून उघडली तर पिंपासारखी फुगलेली दिसते आणि कोपरे काळे. याला फसवणूक म्हणायचं का?

भिंगवाला:

हो, दिसते तशी, १४ ला बॅरल डिस्टॉर्शन जबरदस्त आहे आणि सुधारणा धरूनच ती लेन्स बनवलीये. फसवणूक म्हणणार नाही. सगळं काचेतच सरळ करायचं ठरवलं असतं तर ५४० ग्रॅम आणि ७७ चा फिल्टर मिळाला नसता. पण कोपऱ्यातले पिक्सेल ताणून भरले जातात, त्यामुळे १४ च्या कोपऱ्यात बारीक जाळी किंवा विटांची रेघ बघितलीस तर थोडी मऊ लागेल. १६-१८ ला आलास की प्रश्न संपतो. मोठी प्रिंट करणार असलास तर तुझ्या डोळ्यांनी बघून ठरव.

काटकोन:

आता मला जी गोष्ट सांगायचीये ती सांगतो, कारण १०-२० चं माझ्यासाठी खरं मोल याच्यात आहे आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात.

उंच इमारत किंवा घुमट घ्यायचा तर आपण काय करतो, कॅमेरा वर करतो, आणि भिंती आत झुकतात. त्यावर उपाय म्हणजे टिल्ट-शिफ्ट लेन्स, कॅननची १७ एमएम टीएस-ई २००९ पासून आहे, कॅमेरा समपातळीत ठेवायचा आणि लेन्स १२ एमएम वर सरकवायची. उभ्या चौकटीत ती सरकवल्यावर क्षितिजाच्या वर साधारण ६० अंशांपर्यंत दिसतं. आता १० एमएम उभी धर, काहीही न सरकवता, कॅमेरा नुसता समपातळीत. वर किती दिसतं? ६१ अंश. तेवढंच! खाली तेवढीच जमीन जास्त येते, ती कापून टाकायची. भिंती सरळ, खांब सरळ, आणि हातात धरून सुद्धा जमतं कारण आयएस (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) आहे.

किंमत पिक्सेलमध्ये मोजावी लागते. १७ च्या टिल्ट-शिफ्टसारखीच नेमकी चौकट कापलीस तर २४ मेगापिक्सेलमधून आठेक उरतात. स्क्रीनवर आणि मध्यम प्रिंटला पुरतात, भिंतभर प्रिंटला नाही. पण सहसा एवढं कापावं लागत नाही, मी खालचा तिसरा हिस्सा काढतो आणि चौकोनी ठेवतो, तेव्हा सोळा उरतात. चौकोनात घुमट छान बसतो. व्ह्यूफाइंडरमधली लेव्हलची रेघ कायम चालू ठेव, १० ला एक अंश तिरकं झालं तरी दोन्ही कडेचे खांब बोंब मारतात.

तिपाई:

सगळ्यांचं वाचलं. मी दोन गोष्टी सांगेन. पहिली, २४ ने पॅनोरमा करून बघितलाय का? उभ्या धरून पाच-सहा फ्रेम, तिपाईवर, फिरण्याचा बिंदू लेन्सच्या आतल्या योग्य जागी आणून, नाहीतर जवळचं कठडं आणि लांबची भिंत जुळत नाही. तारे आणि डोंगर यासाठी हे उत्तम आहे, जिन्यात मात्र वैताग, कठडं एक हातावर असतं आणि तिथे पाव इंच चुकलं तरी जोड दिसतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कुठलीही रुंद झूम घे पण परत करायची मुदत असताना तपास. मी एक वापरलेली घेतली होती, विकणाऱ्याने दिलेले नमुने सगळे फुलांचे, मध्यभागी फोकस, मागे धूसर. पहिल्या सहलीत उजवा खालचा कोपरा प्रत्येक फोटोत ओला फडका फिरवल्यासारखा, एफ/११ ला कुठे जरा जमेल असा. आतलं एखादं भिंग केंद्रातून सरकलेलं होतं. तपासायचं कसं, तर लांबचा एखादा विजेचा खांब किंवा अँटेना निवड, छिद्र पूर्ण उघडं ठेव, मध्यावर फोकस करून तो मॅन्युअलवर बांधून टाक आणि मग तोच खांब चारी कोपऱ्यात आळीपाळीने आणून चार फोटो काढ. चारही सारखेच मऊ असतील तर लेन्स निरोगी आहे. तीन बरे आणि एक वाईट असेल तर परत. हे रुंद टोकाला पण कर आणि लांब टोकाला पण कर.

पायवाट:

तिपाईंचा तपास सोन्यासारखा आहे, वाचनखूण साठवली.

चौकटवेडा, डोंगरासाठी एक सांगून थांबतो. रुंद लेन्स म्हणजे सगळं मावतं असं समजून लोक घेतात आणि मग समोरचा डोंगर नखाएवढा होतो, मध्ये नुसतं गवत. मी आता आधी जवळचं काहीतरी शोधतो, दगड, बर्फातली भेग, ओढ्यातलं मूळ, आणि त्याच्या इतकं जवळ जातो की गुडघे ओले होतात. तेव्हा कुठे रुंदीचा उपयोग होतो. फोकसची काळजी नको, १४ ला एफ/८ ठेवून ८०-८५ सेंटिमीटरवर फोकस केलास तर अर्ध्या मीटरच्याही अलीकडून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. तुला जवळ जायची आवड नसेल तर १४ पण जास्त आहे, १० चं तर बोलायलाच नको.

चौकटवेडा:

मंडळी, आठ दिवस गायब होतो कारण दोन्ही लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने आणल्या आणि ज्या जिन्यापायी हा धागा काढला तिथेच गेलो.

आधी १४-३५ लावली. १४ ला खालची पायरी आली, वरचं छत पण आलं, मी खूश. मग वरच्या मजल्याची कोरीव तुळई घ्यायला कॅमेरा वर केला आणि कठड्याचे खांब आत झुकले, सॉफ्टवेअरमध्ये सरळ केले तर पायरी परत बाहेर गेली. हेच रडगाणं माझं २४ वर होतं, १४ वर ते थोडं लांब गेलं एवढंच.

मग १०. पहिले वीस फोटो फेकून देण्यासारखे, खरंच सांगतो. सगळीकडे फरशी, माझ्या बुटाची टोकं, तिपाईचा पाय, आणि जिना लांब कुठेतरी. मग पायवाट आठवले. कठड्याच्या शेवटी लाकडाची गुंडाळी आहे, शेकडो हातांनी घासून काळी तुळतुळीत झालेली, तिच्यापासून एक वीतभर अंतरावर भिंग नेलं, कॅमेरा उभा, लेव्हल हिरवी. लेन्स २५ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते, ते सेन्सरपासून मोजतात त्यामुळे काच प्रत्यक्षात त्याहून खूपच जवळ जाते. लाकडाच्या रेषा, त्यातली एक खिळ्याची खूण, आणि तिथूनच कठडं वळत वळत थेट वरच्या झरोक्यापर्यंत. खालचा तिसरा हिस्सा कापला. सगळे खांब ताठ उभे. या जिन्यात मी तीन वर्षं जातोय, आणि तो जसा मला आत गेल्यावर जाणवतो तसा पहिल्यांदा फोटोत आलेला बघितला.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर मात्र १०-२० वर सगळे फोटो १६ ते २० मध्येच निघाले, आणि एनडी नसल्यामुळे लाटा हव्या तशा झाल्या नाहीत. तिथे १४-३५ निर्विवाद बरी. पण समुद्रावर माझी २४-१०५ आणि तिचा फिल्टर आहेच, २० आणि २४ मधली फट मला तरी जाणवत नाही. जिन्यात मात्र दुसरं काहीच नाही. म्हणून १०-२० घेतोय. तिपाईंच्या पद्धतीने चार कोपरे तपासूनच ठेवीन.

काटकोन:

मनापासून आनंद झाला. तो कठड्याचा फोटो इथे टाकच, पूर्ण चौकट आणि कापलेली दोन्ही.

सावली:

पायऱ्यांच्या तोंडाशी प्रमाणाला कुणाला उभं केलंत तर मधल्या पट्ट्यातच ठेवा हं.

भिंगवाला:

छान निर्णय. एक सवय पहिल्या दिवसापासून लाव. तिची टोपी पुढून घट्ट सरकवून बसवायची असते, स्क्रूचा संरक्षक फिल्टर नाही, त्यामुळे फुगीर काच आणि टोपी यांच्यात जे काही येईल ते थेट काचेवर घासतं. टोपी काढलीस की खिशात टाकू नकोस, खिशात धागे, सुटे पैसे, धूळ सगळं असतं. बॅगेत एक स्वच्छ छोटी पिशवी ठेव, टोपी त्यात, आणि परत लावण्याआधी टोपीच्या आत ब्लोअर मार. काचेला सगळे मारतात, टोपीला कुणी मारत नाही. माझ्या १२-२४ वर जो अर्धगोल ओरखडा आहे तो टोपीतल्या वाळूच्या एका कणाचा आहे.

चौकटवेडा:

पिशवी आजच शिवतो. फोटो रविवारी टाकतो, दोन्ही.